घरमालकाचा रंग, भाडेकरूचे रक्त



चंद्रपूरच्या प्रदूषणावर बोलायचे म्हटले की सगळ्यांची बोटे वर जातात. महाऔष्णिक केंद्राच्या चिमण्या, कोळशाची धूळ, सिमेंटची राख. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते. त्यावर मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, बातम्या छापून आल्या. ते आवश्यकच होते. पण खिडकीच्या बाहेरच्या धुळीवर बोलताना खिडकीच्या चौकटीवर काय फासले आहे, हे आपण कधी विचारले नाही. आज आम्ही त्या चौकटीबद्दल लिहिणार आहोत.

निमित्त लहानसे आहे. वस्तीतल्या कामासाठी आम्ही भाड्याच्या खोल्यांमध्ये नेहमी जातो. कंत्राटी कामगाराचे कुटुंब, दहा बाय बाराची खोली, एकच खिडकी. खिडकीला पिवळा ऑईलपेंट, थरावर थर चढलेला, पोपडे धरलेला. दीड वर्षाची मुलगी गजांना धरून उभी होती आणि चौकट चावत होती. आई म्हणाली, "दात येत आहेत ना दादा, जे सापडेल ते चावते." आम्ही हसलो आणि कागदपत्रांच्या कामाला लागलो. नंतर वाचनात शिशाच्या रंगाचा विषय आला, तेव्हा ती पिवळी चौकट आठवली. त्या रंगात शिसे होते की नव्हते हे कोणी तपासले नव्हते. कुणी तपासावे, असा नियमच नाही. आमचा मुद्दा इथूनच सुरू होतो.

शिसे करते काय?

शिसे स्वस्त, जड आणि रंगाला चकाकी व टिकाऊपणा देणारे. जुना सफेदा म्हणजे शिशाचाच पांढरा रंग. शेंदूर म्हणजे शिशाचाच लाल ऑक्साइड, लोखंडाला गंज लागू नये म्हणून पहिला हात त्याचाच दिला जाई. झगझगीत पिवळा आणि नारिंगी ऑईलपेंट बहुधा शिशाच्या क्रोमेटचा. शिवाय रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाची संयुगे मिसळली जात. चुना आणि पाण्यातला डिस्टेंपर यांचा प्रश्न वेगळा आहे. धोका मुख्यतः ऑईलपेंटचा, म्हणजे दारे, खिडक्या, ग्रिल आणि भिंतीचा खालचा अर्धा भाग. हा खालचा पट्टा आपल्याला शाळेत, वसतिगृहात, दवाखान्यात सगळीकडे दिसतो. पुसता येतो म्हणून मारलेला. आणि नेमकी तेवढीच उंची रांगणाऱ्या मुलाच्या हाताची असते.

रंग भिंतीवर घट्ट आहे तोवर धोका कमी. तो सुटू लागला, खिडकी उघडझाक करताना घासला गेला, किंवा नवा हात देण्यापूर्वी कोरडा घासला की त्याची धूळ होते. ती जमिनीवर बसते, तिथून मुलाच्या हाताला आणि हातातून तोंडात. शरीर शिशाला कॅल्शियम समजून जवळ करते. मोठ्या माणसापेक्षा लहान मूल चार ते पाचपट शिसे शोषून घेऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मेंदूच्या वाढीवर घाव घालते. लक्ष लागत नाही, शिकलेले टिकत नाही, चिडचिड वाढते. हाडांत साठलेले शिसे वर्षानुवर्षे राहते आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून गर्भापर्यंत पोहोचते. सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी आजवर सापडलेली नाही.

आता हे वाक्य नीट वाचा. ज्या मुलाच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याचे शरीर शिसे जास्त ओढून घेते. म्हणजे एकाच रंगाची खिडकी, पण भरल्या घरातल्या मुलाला कमी बाधेल आणि रक्तक्षय झालेल्या मुलाला जास्त. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या कुपोषणावर आपण किती बोललो आहोत! जिथे ताटात कमी आहे, तिथेच भिंतीवरचे विष अधिक लागू पडते. मग तेच मूल शाळेत मागे पडले की गुरुजी म्हणतात, "या वस्तीतली पोरं अशीच." ज्याला जन्मजात म्हणून हिणवले जाते, त्यातले किती भिंतीतून आले आहे हे मोजायला हवे की नको?

घर भाड्याने मिळणे, हाच आपला पहिला इतिहास

भाड्याचे घर हा आंबेडकरी समाजासाठी साधा व्यवहार कधीच नव्हता. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. परदेशातून शिकून आलेल्या त्या माणसाला शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहावे लागले आणि ते उघडकीस आल्यावर काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. मुंबईत परळच्या ज्या चाळीत त्यांनी अनेक वर्षे संसार केला आणि चळवळ उभी केली, ती इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ होती. हा ट्रस्ट १८९८ मध्ये स्थापन झाला तो १८९६ च्या प्लेगनंतर. घरात हवा, उजेड, मोरी नसेल तर रोग पसरतो, हे सरकारला शहाणपण सुचले कधी? रोग गरिबांच्या खोलीतून निघून श्रीमंतांच्या बंगल्यापर्यंत पोहोचला तेव्हा.

शिशाचा रोग मात्र तसा चालत जात नाही. तो ज्या खोलीत आहे त्याच खोलीत राहतो. वरच्यांना त्याची लागण होत नाही, म्हणून वरच्यांना त्याची घाईही नाही.

व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये धनबादला गेले, प्रत्यक्ष कोळसा खाणीत उतरले आणि कामगारांची घरेही पाहिली. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कामगार कुठे राहतो, हा मजुरीइतकाच राज्याच्या जबाबदारीचा प्रश्न आहे, ही त्यामागची भूमिका होती. आजच्या घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूरला या. कायम कामगारांना क्वार्टर आहेत. कंत्राटी कामगार मात्र आजूबाजूच्या खोल्यांमध्ये भाड्याने राहतो. निधीचा विचार क्वार्टरच्या कुंपणापाशी थांबला. कुंपणाबाहेर घरमालकाचे राज्य सुरू होते.

कायद्याला हे विष केव्हापासून माहीत आहे?

कोणी म्हणेल, हे नवे विज्ञान आहे, कायद्याला वेळ लागतोच. हे खरे नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १९०४ साली लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी मुलांच्या आजाराचे मूळ व्हरांड्याच्या कठड्यावरच्या रंगात असल्याचे दाखवून दिले. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घराच्या आतल्या रंगकामात शिशाचा सफेदा वापरू नये असा करार केला. आपल्याकडे १९२२ च्या फॅक्टरी कायद्यातील दुरुस्तीने शिशाच्या काही कामांवर स्त्रिया आणि मुलांना ठेवण्यास बंदी घातली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने शिशाची विषबाधा हा व्यवसायजन्य रोग मानला.

म्हणजे शिसे स्त्रियांना आणि मुलांना घातक आहे, हे इथल्या राज्यकर्त्यांनी १९२२ मध्ये कागदावर लिहून ठेवले होते. कारखान्यातल्या मुलाला ओळखणाऱ्या त्या कायद्याला खोलीतले मूल दिसायला किती वर्षे लागली? घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे नियम केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काढले १ नोव्हेंबर २०१६ रोजी. लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून. चौऱ्याण्णव वर्षांनी!

मधल्या काळात काय होत होते? १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतल्या लहान मुलांच्या रक्तातले शिसे मोजले गेले होते. त्याच सुमारास बंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने शहरांमध्ये केलेल्या तपासणीत निम्म्याच्या आसपास मुलांच्या रक्तात तेव्हाच्या मर्यादेपेक्षा जास्त शिसे आढळले. त्यात पेट्रोलचा मोठा वाटा होता. २००० मध्ये शिशाचे पेट्रोल बंद झाले. रंग मात्र राहिला. दिल्लीची टॉक्सिक्स लिंक ही संस्था बाजारातले डबे तपासून आकडे मांडत राहिली, तेव्हा कुठे नियम आला. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या अहवालाने भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे असल्याचा अंदाज दिला. हे शिसे बॅटऱ्या, भांडी, मसाले, रंग अशा अनेक वाटांनी येते. सगळा दोष रंगावर ढकलणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण रंग ही अशी वाट आहे की जिच्या तोंडाशी एक ओळखीचा माणूस उभा असतो. तो म्हणजे घराचा मालक.

अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांनी काय केले

घरमालकावर नियम कसा येतो, हे समजायला अमेरिकेचा इतिहास पाहावा लागतो. बाल्टिमोर शहराने घरांच्या आतल्या रंगात शिसे वापरायला १९५१ मध्ये बंदी केली. पण भिंतींवर आधीच असलेला रंग तसाच राहिला आणि त्या जुन्या घरांत भाड्याने कोण राहत होते? काळी कुटुंबे. चांगल्या वस्त्यांत त्यांना घर दिले जात नव्हते. शिसे उद्योगाचे अधिकारी तेव्हा आपसातल्या पत्रांत या काळ्या आणि प्युएर्तो रिकन आईबापांनाच दोष देत होते. मुलाने भिंत चाटली तर दोष रंगाचा नाही, मालकाचा नाही, आईच्या वळणाचा! साथींनो, हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? घाण आपल्या गळ्यात बांधायची आणि मग आपल्यालाच घाणेरडे म्हणायचे.

ब्लॅक पँथर पक्षाकडून प्रेरणा घेतलेल्या यंग लॉर्ड्स या प्युएर्तो रिकन तरुणांच्या संघटनेने १९६९ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये दारोदार जाऊन मुलांची शिशाची तपासणी केली. तपासणीचे संच महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे पडून होते. तरुणांनी तिथे ठिय्या देऊन ते मिळवले. त्याच पँथरच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपण अभिमानाने सांगतो. नाव आपण घेतले, बाणाही घेतला. दार ठोठावून खोलीतल्या मुलाचे रक्त तपासणारे ते काम मात्र आपल्यापर्यंत पोहोचले नाही. ही टीका आम्ही इतरांवर करत नाही, स्वतःवर करतो.

पुढे १९७८ मध्ये अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर देशव्यापी बंदी आली. १९९२ च्या कायद्याने आणि त्याखाली १९९६ पासून लागू झालेल्या नियमाने घरमालकावर बंधन घातले. घर १९७८ पूर्वीचे असेल तर भाडेकरार करण्याआधी शिशाच्या रंगाबद्दल जे माहीत आहे ते लेखी सांगायचे आणि धोक्याची माहितीपुस्तिका हातात द्यायची.

पण कायदा झाला म्हणून संपले नाही. १९९० च्या दशकात बाल्टिमोरमध्येच एका नामांकित संस्थेच्या संशोधनात, शिसे कमी-अधिक प्रमाणात काढलेल्या भाड्याच्या घरांत लहान मुले असलेल्या कुटुंबांना राहू दिले गेले आणि मुलांच्या रक्तातले शिसे मोजत राहिले. कुटुंबे बहुतेक गरीब आणि काळी. २००१ मध्ये मेरिलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कठोर ताशेरे ओढले. कायद्याच्या मागे संघटना नसेल, तर गरिबाचे मूल हे तपासणीचे साधन होऊन बसते.

आपल्या कायद्यात काय आहे, काय नाही

२०१६ चे नियम सांगतात की घरगुती रंगात दहा लाख भागांत शिशाचे ९० पेक्षा जास्त भाग नकोत आणि डब्यावर तसे छापलेले हवे. हा नियम बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला, आयात करणाऱ्याला आहे. भिंतीवर आधीच असलेल्या रंगाबद्दल त्यात काही नाही. घरमालक हा शब्द त्यात नाही. आणि औद्योगिक वापराचे रंग त्याच्या कक्षेबाहेर आहेत. गेटला नि ग्रिलला उरलेसुरले कोणते रंग मारले जातात, हे रंगारी काम करणाऱ्या आपल्याच भावांना विचारा.

घरमालकाचा कायदा वेगळा. विदर्भात पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता. भाडेकरूला काढायचे तर मालकाला नियंत्रकाची परवानगी लागे. रिकाम्या घराची खबर जिल्हाधिकाऱ्याला देणे बंधनकारक होते आणि ते घर सरकारी नोकराला देण्याचा हुकूम निघू शकत होता. म्हणजे घर कोणाला मिळावे यात राज्य हात घालू शकत होते, हे विसरू नका. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू झाला. त्याच्या कलम १४ नुसार, उलट करार नसेल तर घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने ते केले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करू शकतो. कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, तशी नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. हा कायदा अनुसूचीत नमूद केलेल्या भागांपुरता आहे, तो प्रत्येक गावाला सरसकट लागू नाही. आणि 'राहण्याजोगे' या शब्दात गळके छप्पर बसते, विषारी रंग बसतो की नाही हे कुठेच लिहिलेले नाही.

प्रत्यक्षात काय चालते? खोली सोडताना मालक डिपॉझिटमधून 'रंगाचे पैसे' कापतो. रंग निवडणार तो, डबा आणणार तो, पैसे देणार भाडेकरू आणि धूळ खाणार भाडेकरूचे मूल! ज्याचे पैसे त्याला डबा बघण्याचाही हक्क नाही, हा कोणता व्यवहार?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच माणसांचा. "खोली द्यायलाच तयार नाहीत, आडनाव विचारतात, त्यात रंगाचा नियम लावला तर आणखीच दार बंद होईल." भीती खरी आहे. आम्ही ती झेललेली आहे. गडचिरोलीत विद्यापीठामुळे खोल्या शोधणारी आपली आणि आदिवासी मुले आडनाव सांगताना कशी चाचरतात, हे आम्ही पाहिले आहे. पण म्हणूनच मागणी एकेका भाडेकरूने मालकाकडे करायची नाही, ती राज्याकडे करायची आहे. सगळ्या खोल्यांना एकच नियम असेल, तर नियम विचारणारा भाडेकरू त्रासदायक ठरत नाही. बडोद्यात एकट्या माणसाला बाहेर काढता आले. परळच्या चाळीत उभ्या राहिलेल्या चळवळीला काढता आले नाही.

दुसरा आक्षेप असा की लहान घरमालकही गरीबच असतो, दोन खोल्या भाड्याने देऊन पोट भरतो. हेही खरे, आणि त्यातले काही आपल्याच समाजाचे आहेत. म्हणून सगळा रंग खरवडून काढा असे आम्ही म्हणत नाही. उलट तसे अडाणीपणे केले तर धूळ वाढून धोका वाढतो. सुटलेला रंग ओला करून काढणे, त्यावर ९० च्या मर्यादेतल्या रंगाचा हात देणे आणि खिडकीची चौकट दुरुस्त करणे, एवढे कोणत्याही मालकाला जमण्यासारखे आहे.

आमच्या मागण्या

समाजकल्याण विभागाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना निवास-भोजनाचे पैसे मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम योजना आहे. याचा अर्थ या खोल्यांचे भाडे शेवटी राज्य भरते. जो भाडे भरतो तो अट घालू शकतो. म्हणून पहिली मागणी: शासनाच्या पैशातून भाडे जाणारी प्रत्येक खोली, भाड्याच्या इमारतीतले प्रत्येक वसतिगृह आणि अंगणवाडी यांची रंगाची तपासणी व्हावी.

दुसरी मागणी: नोंदणीकृत भाडेकरारात रंगाच्या स्थितीबद्दल एक कलम असावे आणि रंगाचे पैसे कापायचे असतील तर डब्याची पावती द्यावी. तिसरी: जिल्हा रुग्णालयांतून लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या रक्तातील शिशाची तपासणी मोफत मिळावी. चौथी: रंगारी कामगारांना मास्क आणि ओल्या घासकामाचे प्रशिक्षण मिळावे, कारण सगळ्यात जास्त धूळ तेच गिळतात आणि कामाच्या कपड्यांवरून घरी नेतात.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. रंग कोरडा घासू नका, जाळू नका. काम चालू असताना मुले आणि गरोदर बाई खोलीत नकोत. खिडकी आणि फरशी झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. जेवणाआधी मुलांचे हात धुवा. पोपडे धरलेल्या चौकटीपासून पाळणा दूर ठेवा. हिरवी पालेभाजी, नाचणी, जवस, जे मिळेल ते ताटात वाढवा. आणि पुढच्या भीमजयंतीला विहाराच्या गेटला, कमानीला रंग काढताना डब्यावरचे बारीक अक्षर वाचा. सुरुवात आपल्या विहारापासून झाली, तर दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार येतो.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी इथल्या माणसांनी जुने ओझे टाकून दिले. पुढच्या पिढीने शिकावे म्हणून. शिकणारा मेंदूच खोलीच्या भिंतीने कुरतडला, तर त्या शिकण्याचे काय? आम्ही त्या खोलीत पुन्हा जाणार आहोत. या वेळी कागदपत्रांची पिशवी बाजूला ठेवू, आणि आधी खिडकी बघू.

जय भीम! जय संविधान!